व्ही ७२ चे पार्ट काढून नवीन प्रीअॅम्प बनवावा का?

पार्ट काढू नका, भाऊ. काकांनी जर्मनीहून आणलेले टेलिफुंकनचे दोन व्ही ७२ धुळ्याला घरी पडून आहेत, त्यातले व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर काढून अहिराणी गाणी रेकॉर्ड करायला, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवायला, माइक प्रीअॅम्प बनवू का, असं तुम्ही विचारलंय. ते डबे मुळात प्रीअॅम्पच आहेत. तुम्ही बनवायचं ते त्यांच्याभोवतीचं सगळं: लोखंडी खोका, माइकचं सॉकेट, फँटम (काही माइकना त्यांच्याच वायरीतून द्यायचे ४८ व्होल्ट), पॅड (सिग्नल कमी करणारं सर्किट) आणि धोका नसलेली मेन्सची जोडणी.

१९५० च्या दशकात जर्मन रेडिओ केंद्रांसाठी हे तयार झाले. आत दोन ईएफ ८०४ एस व्हॉल्व, दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर, स्वतःचा पॉवर सप्लाय आणि ३४ डीबीचा ठरलेला गेन, म्हणजे सिग्नल साधारण ५० पट वाढतो. निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल उलटा करून परत आत देणं) असल्याने व्हॉल्व थोडा जुना झाला तरी गेन फारसा हलत नाही. याचाच भाऊ व्ही ७२ एस, ४० डीबीचा. अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या रेड ३७ या मिक्सरमध्ये तो होता, आणि बीटल्सची सुरुवातीची बरीच रेकॉर्डिंग त्यातूनच गेली. इतकं नीट बसवलेलं सर्किट उचकटून त्याहून चांगलं आपण घरी करू, असं मला अजिबात वाटत नाही.

आता जिवाची गोष्ट. मागच्या कनेक्टरवर सिग्नलच्या पिनांसोबत मेन्सच्याही पिना आहेत. कुठली पिन कशाची हे मूळ सर्किट आकृतीत बघितल्याशिवाय एकही वायर जोडू नका. उघडा कनेक्टर हाताला लागेल असा ठेवू नका. घरातलं अर्थिंग खरंच लागतंय का ते आधी तपासा. आपल्याकडे कित्येक घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते.

इतकी वर्षं बंद पडलेला डबा थेट लाइनवर लावायचा नाही. ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज हळूहळू चढवा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात. १० के, १० वॅटच्या रेझिस्टन्सने ते उतरवा, मीटरने शून्य आल्याची खात्री करा आणि मगच हात घाला.

सगळे कंडेन्सर सरसकट बदलू नका. पहिल्या व्हॉल्वकडून दुसऱ्याकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर मात्र बघाच. दुसऱ्या व्हॉल्वच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या पिनवर, डीसी मोजा. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर तो गळतोय. तितक्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर टाका. माइककडच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र मल्टिमीटरचा ओहम लावू नका. मीटरची तेवढी डीसीसुद्धा त्या नाजूक कोअरला चुंबकत्व देते आणि आवाज बिघडतो.

व्होल्टेजचं दुखणं आपल्या खान्देशात वेगळं. रात्री शेतीपंप बंद झाले की लाइन २५० च्या घरात जाते. डब्याची मेन्सची जोडणी २२० च्या टॅपवर असेल तर हीटरला (व्हॉल्व तापवणारी तार) ६.३ ऐवजी ७ च्या वर व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व लवकर संपतो. ईएफ ८०४ एस महाग आहे, आणि त्याच्या जागी ईएफ ८६ बसत नाही, पिना वेगळ्या आहेत. म्हणून चांगला स्टॅबिलायझर घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही.

फँटम हवं असेल तर ४८ व्होल्टपासून माइक सॉकेटच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांना ६.८१ के चा एकेक रेझिस्टन्स, एक टक्क्याचा किंवा त्याहून अचूक, दोन्ही एकमेकांशी जुळणारे. त्याआधी इनपुट ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप अर्थला जोडलेला नाही ना, हे बघा. असेल तर फँटम त्यातूनच अर्थला जाईल. जुना रिबन माइक लावताना फँटम बंद ठेवा.

गेनचा हिशोब सोपा. कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या बाईसमोर साधा डायनॅमिक माइक असेल तर एखादा मिलिव्होल्ट मिळतो, त्याचे ५० होतात. तो इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायचा रेकॉर्डिंगचा डबा) लाइन इनपुटला द्या, उरलेला गेन तिथे वाढवा. पण काठी गावच्या होळीतला ढोल जवळून घेतला तर तोच माइक ५०-६० मिलिव्होल्ट देतो आणि बाहेर तीन व्होल्टच्या आसपास येतात. त्याच्यासाठी व्हॉल्वच्या आधी २० डीबीचा पॅड लागेल, स्विचवर ठेवा.

जोडणी झाल्यावर गुणगुण आली तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम उघडून बघा. ५० हर्ट्झचा खांब उंच असेल तर बहुतेक अर्थिंगचा लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला जाणं) किंवा हीटरची वायर, १०० चा असेल तर पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर. तो मात्र बदलाच.