रॉक कॉन्सर्टला स्टेजच्या मागची सीट घ्यावी की वरच्या मजल्यावरची?

वरच्या मजल्यावरची समोरची सीट घ्या. मुख्य स्पीकर पुढच्या दिशेने टांगलेले असतात. मागे बास घुमत येतो, पण गायकाचे शब्द आणि गिटारचा धारदारपणा बोथट होतो. शिवाय मोठा पडदा, लाइट्स, सगळं समोरच्यांसाठी असतं. मागे बसलात तर गायकाची पाठ दिसेल. ड्रमर मात्र जवळून दिसतो, आणि ड्रमवेड्यांना तेवढं पुरतं!

अपवाद एकच: स्टेज मैदानाच्या मधोमध असेल, यूटू या रॉक बँडच्या २००९ ते २०११ च्या '३६०°' दौऱ्यात होतं तसं चहूबाजूंनी खुलं, तर 'मागे' असं काही उरत नाही, मग जवळची सीट बिनधास्त घ्या. म्हणून तिकिटाआधी सीटचा नकाशा बघा.