रेडिओ बंद कर, आवाज ऐक

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घेतलीस ना, मग पहिले आठ दिवस रेडिओ बंद ठेवूनच चालव. गिअर टाकताना खालून 'टक्' आलं, तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा क्रॉस बघ; क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा. चाकांना दगड लाव, शाफ्ट हाताने पिळून बघ. क्रॉसच्या टोकांवरच्या टोपीसारख्या कपांपाशी तांबूस गंजाची पूड दिसली, की तो गेलाच म्हणून समज. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की 'ऊंऽऽ' बदलतो? बहुधा डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांमध्ये ताकद वाटणारा गिअरसंच. वळणावर बदलला तर चाकाचं बेअरिंग.

गिअरबॉक्सचं ऑइल काढण्याआधी ते भरायचा नट सुटतोय का ते बघ. तो जाम निघाल्यामुळे रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत! ऑइल चहासारखं दुधाळ निघालं, तर पाणी शिरलंय, ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, तपास. आणि डिफरेन्शियलचं जीएल-५ दर्जाचं ऑइल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस. जिथे जीएल-४ सांगितलंय, तिथे पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर अलगद पडू देणाऱ्या कड्या, खराब होऊ शकतात.