महागडी एअर रायफल आताच घ्यावी का?

आपण नेमबाजी सुरू करून तीनच महिने झाले आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो, वाल्थर किंवा फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपन्यांची लाखांच्या घरातली रायफल आताच घेऊ नये. दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. तरीही क्लबची जुनी, पण नीट राखलेली रायफल शिकंज्यात घट्ट बसवून झाडली, तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात, म्हणजे आपले आठ-नऊ गुण नळीमुळे नव्हे, तर उभे राहण्यातल्या डगमगीमुळे येत आहेत.

महागड्या रायफलीत खरे मोल असते ते बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) जुळवणीचे, कारण गालाची आणि खांद्याची पट्टी शरीराबरहुकूम बसली की मान ताणावी लागत नाही. मात्र त्याआधी शरीर स्थिर ठेवणारे नेमबाजीचे मापाचे जॅकेट आणि बूट घ्यावेत.

वापरलेली रायफल मिळत असेल, तर छर्रा ढकलणारी दाबलेली हवा साठवणाऱ्या सिलिंडरवरील तारीख अवश्य वाचावी. त्याची मुदत सहसा दहा वर्षांची असते. मी ती न वाचताच व्यवहार केला (घाई, दुसरे काय!) आणि स्पर्धेच्या तपासणीत सिलिंडर बाद झाला.

स्पर्धेतल्यासारख्या साठ फैरींचे गुण काही महिने स्थिर राहिले, की दोन-तीन रायफली खांद्याला लावून पाहाव्यात.