मित्राचे आजोबा हाँगकाँगला युद्धकैदी होते, पण कधीच काही बोलले नाहीत. नेमकं काय घडलं असेल?

तुमच्या कॅनेडियन मित्राचे आजोबा १९४१ साली हाँगकाँगला जपान्यांच्या हाती सापडले, १९४५ मध्ये घरी परतले आणि शेवटपर्यंत त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्यावर काय बेतलं असेल आणि ते आता कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंय. मी नोकरीनिमित्त काही वर्षं हाँगकाँगला होतो. तिथल्या साय वान दफनभूमीत कॅनडाचं चिन्ह असलेलं मेपलचं पान कोरलेले दगड ओळीने पाहिले, तेव्हापासून या माणसांविषयी मिळेल ते वाचत आलोय.

आजोबा बहुधा दोनपैकी एका पलटणीत असणार: विनिपेग ग्रेनेडियर्स किंवा क्वेबेककडची रॉयल रायफल्स. आधी एक पलटण जमैकात पहाऱ्यावर होती, दुसरी न्यूफाउंडलंडमध्ये. दोन्हींचं लढाईसाठीचं प्रशिक्षण अपुरं आहे, असं लष्कराच्याच कागदांत नोंदलेलं होतं. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होतं आणि ते टिकवता येणार नाही हे चर्चिलनी १९४१ च्या जानेवारीतच लिहून ठेवलं होतं. तरीही सप्टेंबरमध्ये ब्रिटनने दोन पलटणी मागितल्या, कॅनडाने दिल्या. २७ ऑक्टोबरला १,९७५ जण व्हँकुव्हरहून निघाले. त्यांच्या २१२ गाड्या दुसऱ्या जहाजावर होत्या, त्या हाँगकाँगला पोहोचल्याच नाहीत. १६ नोव्हेंबरला माणसं उतरली आणि ८ डिसेंबरला जपानी हल्ला सुरू झाला. डोंगरवाटांची ओळख व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हे सगळं वाचताना मला आजही संताप येतो.

१८ डिसेंबरच्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरलं. दुसऱ्या दिवशी वाँग नाय चुंग खिंडीत कॅनेडियन तुकडीचे प्रमुख ब्रिगेडियर लॉसन मारले गेले. त्याच दिवशी माउंट बटलरवर ग्रेनेडियर्सचे कंपनी सार्जंट मेजर जॉन ऑस्बर्न जपान्यांनी फेकलेले हातबाँब उचलून परत फेकत होते. एक बाँब त्यांचा हात पोहोचणार नाही अशा जागी पडला. ओरडून साथीदारांना सावध करत त्यांनी त्यावर अंग टाकलं. जे वाचले ते कैदेत गेले, त्यामुळे ही हकीकत बाहेर यायला युद्ध संपावं लागलं. ऑस्बर्न यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं तो १९४६ मध्ये. या लढाईत आपली माणसंही होती. ७ राजपूतची पाचवी आणि १४ पंजाबची दुसरी, अशा दोन पलटणी. साय वानला दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे.

नाताळच्या दिवशी शरणागती झाली. तोवर २९० कॅनेडियन ठार आणि जवळपास ५०० जखमी झाले होते. पुढच्या पावणेचार वर्षांत कैदेत आणखी २६० च्या वर गेले. म्हणजे उपासमार, आजार आणि मारहाणीने लढाईच्या जवळपास बरोबरीने माणसं नेली.

नॉर्थ पॉइंट आणि शाम शुई पो या छावण्यांत जेवण म्हणजे किडका भात आणि पाण्यासारखं भाजीचं सूप. १९४२ च्या पावसाळ्यानंतर घटसर्पाची साथ आली. कॅनेडियन डॉक्टर छावणीतच होते, रोग ओळखत होते, पण त्यावरचं प्रतिविष (सीरम) जवळजवळ नव्हतंच. मेलेल्यांचा आकडा वाढला तेव्हा जपानी वैद्यकीय अधिकाऱ्याने शुश्रूषा करणाऱ्यांनाच रांगेत उभं करून मारहाण केली. जीवनसत्त्वांच्या अभावाने बेरीबेरी झाला, कित्येकांची नजर गेली. आणि एक दुखणं असं की त्याला कैदी 'इलेक्ट्रिक फीट' म्हणत. पायांच्या शिरांतून सतत विजेचे झटके, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे. माणसं थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून पहाटेपर्यंत बसून राहत. पुढे याच पाण्याने कातडी फाटून जखमा चिघळत. ऑगस्ट १९४२ मध्ये ग्रेनेडियर्समधले चौघे पळाले, पकडले गेले आणि खटला न चालवताच मारले गेले. 'पळणार नाही' अशा कागदावर कैद्यांच्या सह्या त्याआधीच घेतल्या होत्या.

शाम शुई पोतल्या कानाओ इनोउये या दुभाष्याचं नाव तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. त्याचा जन्म कॅनडातल्या कॅम्लूप्सचा, वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाकडून लढून पदक मिळवलेले. लहानपणी गोऱ्या मुलांनी आपल्याला हिणवलं याचा सूड तो कैद्यांवर उगवत असे. युद्धानंतर युद्धगुन्ह्यासाठी झालेली फाशी तो ब्रिटिश प्रजाजन ठरल्याने रद्द झाली, मग राजद्रोहाचा खटला चालला आणि ऑगस्ट १९४७ मध्ये त्याला फाशी दिलं. त्याच्या क्रौर्याचं समर्थन मी करणार नाही. पण १९४२ साली कॅनडाने आपल्याच हजारो जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून काढून छावण्यांत पाठवलं होतं, हेही तुमच्या मित्राला ठाऊक असावं.

जानेवारी १९४३ पासून ११०० हून अधिक कॅनेडियनांना टप्प्याटप्प्याने जपानला नेलं. निइगाताला बंदरावर कोळशाच्या वॅगनी ढकलायच्या, कावासाकीच्या छावणीतून गोदीत, इतरत्र खाणींत. पाठीचं आणि छातीचं बरंचसं नुकसान तिथलं. पण गोदीतल्या कैद्यांपैकी दोघांनी जीव धोक्यात घालून तिथे आग लावली होती, हे वाचलं तेव्हा ही माणसं नुसती सोसत नव्हती हे मला कळलं.

ऑगस्ट १९४५ मध्ये कैद्यांनी छपरांवर मोठी अक्षरं रंगवली आणि अमेरिकी विमानांनी पॅराशूटने अन्नाचे पिंप टाकले. हाँगकाँगच्या छावणीत राहिलेल्यांकडे ३० ऑगस्टला 'प्रिन्स रॉबर्ट' ही युद्धनौका आली. १९४१ साली त्यांना सोबत करत घेऊन गेलेली हीच नौका.

घरी आल्यावरचं सगळ्यांत कमी सांगितलं जातं. वजन काही महिन्यांत भरून निघालं, त्यामुळे माणूस बरा झाला असं सगळ्यांना वाटलं. पाय मात्र जळतच राहिले, पोटातले जंत वर्षानुवर्षं सापडत राहिले. निवृत्तिवेतनासाठी 'हे दुखणं छावणीतलंच' असं सिद्ध करायची जबाबदारी माणसावर, आणि कैदेतल्या आजारांच्या नोंदी कुठून आणायच्या? १९५० च्या दशकात जप्त जपानी मालमत्तेतून कैदेच्या दर दिवसामागे सुरुवातीला एक डॉलर आणि नंतर वर पन्नास सेंट मिळाले. सक्तमजुरीची भरपाई म्हणून कॅनडा सरकारने प्रत्येकी २४,००० डॉलर दिले ते १९९८ च्या डिसेंबरात. जपान सरकारने औपचारिक माफी मागितली ८ डिसेंबर २०११ ला, टोकियोत, हयात असलेल्या मोजक्या सैनिकांसमोर. तुमच्या मित्राचे आजोबा बोलले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. ऐकणारा कोणी आहे असं त्यांना कधी वाटलं असेल का?

शोधायला सुरुवात बिल्ला क्रमांकापासून करा. H ने सुरू होत असेल तर बहुतेक विनिपेग ग्रेनेडियर्स, E असेल तर रॉयल रायफल्स. हाँगकाँगच्या सैनिकांच्या वारसांची एक संघटना आहे, 'हाँगकाँग व्हेटरन्स कमेमोरेटिव्ह असोसिएशन'. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक सैनिकाची वेगळी नोंद आहे. कोणत्या छावणीत कधी होता, हे बऱ्याचदा तिथेच कळतं. संपूर्ण सेवापुस्तक ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतं. परतलेल्या माणसाचं असेल तर अर्ज मित्राने स्वतः करावा, मृत्यूचा दाखला जोडून; मृत्यूला वीस वर्षं झाली नसतील तर नात्याचा पुरावाही जोडावा. उत्तर यायला महिने लागतात. मिळालेल्या कागदांत छावण्यांची नावं किंवा आकडे समजले नाहीत तर इथे लिहा, मला जमेल तितकं वाचून सांगेन.