३८१६५४७२९ : उत्तर सापडल्यानंतरचं काम

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. ३८१६५४७२९ वर तू भाळणं साहजिक आहे. १ ते ९ हे अंक एकेकदाच आलेत. डावीकडून ३८ ला दोनने भाग जातो, ३८१ ला तीनने, ३८१६ ला चारने, असं थेट नऊपर्यंत. आणि अशी मांडणी एकमेव. पण तू संगणकाकडून ३,६२,८८० मांडण्या तपासून घेतल्यास आणि उत्तर मिळताच वही मिटलीस. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. मग कुणीतरी विचारलं, "हीच का?" आणि माझी बोलती बंद झाली.

तेव्हा कागद घे. शून्य नाही, म्हणून पाचवा अंक ५. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक हवेत. चारही सम अंक तिथेच संपले, बाकी जागी विषम. आता तिसऱ्या-चौथ्या अंकांच्या जोडीला चारने भाग जायला हवा. तिसरा विषम आहे, म्हणजे चौथा २ किंवा ६ (१२, ३६, ७२ असं बघ). आठव्याचंही तसंच: सहावा अंक सम असल्याने तिथले शेकडे २०० च्या पटीत, ते आठाने सुटतात, उरते ती सातव्या-आठव्या अंकांची जोडी. तिथेही २ किंवा ६. मग ४ आणि ८ दुसऱ्या-सहाव्या जागी.

यापुढची पायरी मला सगळ्यात आवडते. पहिल्या तिन्हींची बेरीज तिनाच्या पटीत, पहिल्या सहांचीही. म्हणजे मधल्या तिन्हींचीही. तिथे २५८ बसेल, नाहीतर ६५४. तिसरं काही नाही. तीन आणि आठ याच दोन चाळण्या उरलेल्या जागांना लावल्यास की साडेतीन लाखांतून फक्त दहा संख्या हातात राहतात. नऊची काळजीच नको, सगळ्या अंकांची बेरीज ४५.

राहिला सात. इथे युक्तिवाद संपतो आणि हमाली सुरू होते. दहा भागाकार कर. नऊ ठिकाणी बाकी उरते, ३८१६५४७ ला उरत नाही. त्यामागे सुबक कारण असेल म्हणून मी बराच काळ डोकं फोडलं. मला तरी सापडलं नाही.

अंक पुन्हा वापरायची आणि शून्याचीही मुभा घेतलीस तर हा खेळ २५ अंकांपर्यंत जातो: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे कोणताही अंक जोड, २६ ने भाग जात नाही. दहाव्या जागेपर्यंत एखादा अंक बसतोच, कारण लागोपाठच्या दहा संख्यांत दहापर्यंतच्या कुठल्याही भाजकाच्या पटीतली संख्या सापडते. अकरापासून ती हमी नाही.

पुढच्या पत्रात त्या दहा संख्या पाठव, भागाकारांसकट. खोडाखोड तशीच राहू दे.