जुन्या गाडीच्या एसीत नवा गॅस भरल्यास ती पूर्वीसारखी गार होते का?

आपला प्रश्न असा आहे की, १९९४ सालच्या मारुती ८०० च्या एसीतील आर-१२ गॅस संपला आहे व तो आता मिळत नाही, तर त्याजागी आर-१३४ए भरता येईल का, खर्च किती येईल आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी पूर्वीइतकी गार होईल का. नवा गॅस चालतो. मात्र ‘भरणे’ हा शब्दच येथे चुकीचा आहे, कारण नुसता गॅस भरून भागत नाही, तेल आणि काही भागही बदलावे लागतात; आणि त्या एका शब्दावरून आमच्या घरात पंधरा-सोळा वर्षे वाद चालू आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचीही गाडी त्याच सुमाराची, एमएच-१३ क्रमांकाची, वडिलांनी घेतलेली. २००९ च्या उन्हाळ्यात तिचा एसी गार करीनासा झाला. मी त्या वेळी अक्कलकोट रोडवरील एका शीतगृहात देखभालीच्या कामावर होतो. तेथे अमोनियाचा प्लांट होता. अमोनिया आणि कॉम्प्रेसरचे (गॅस दाबणाऱ्या पंपाचे) वंगणाचे खनिज तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे गॅसबरोबर पुढे गेलेले तेल कॉइलच्या तळाशी साचते. ते ठरावीक दिवसांनी वाल्व्ह उघडून काढावे लागते आणि कॉम्प्रेसरमध्ये तितकेच तेल पुन्हा घालावे लागते. आर-१३४ए हासुद्धा आर-१२ च्या खनिज तेलात मिसळत नाही. गाडीत मात्र साचलेले तेल काढायला वाल्व्ह नसतो आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूसही नसतो. हे मी थोरल्या बंधूंना समजावून सांगितले. ते म्हणाले, “गोदामातले शास्त्र गाडीला लावू नकोस. गॅस म्हणजे गॅस. बाकी सगळे पैसे काढायचे धंदे आहेत.”

त्यांनी गाडी परस्पर एका गॅरेजमध्ये नेली. तेथे जुने तेल, जुना ड्रायर (गॅसमधील ओल शोषणारी डबी), जुने रबरी पाइप तसेच ठेवून वरून आर-१३४ए भरण्यात आला, आणि तोही वजन न करता, गॅसच्या वाटेवरील तपासणीच्या छोट्या काचेतील बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत. आर-१२ च्या काळात ही पद्धत चालत असे. नव्या गॅसमध्ये न मिसळलेल्या तेलामुळे काच पांढुरकी दिसत राहते, आणि ती स्वच्छ होण्याची वाट पाहणारा मिस्त्री हमखास जास्त गॅस भरतो. आठ दिवस गाडी उत्तम गार झाली. बंधूंनी ते मला दोनदा ऐकवले.

नवव्या दिवशी आम्ही आईला घेऊन तुळजापूरला निघालो. मे महिना, भर दुपार. तामलवाडीच्या अलीकडे पट्टा किंचाळल्यासारखा आवाज आला आणि रबर जळल्याचा वास सुटला. एसीचे बटण बंद करताच आवाज थांबला, कारण कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच सुटल्यावर पुली मोकळी फिरते. पण आतला कॉम्प्रेसर जाम झाला होता. पुढचा सारा रस्ता काचा उघड्या ठेवून, त्या झळांमध्ये काटला. तुळजापुरात उतरताना आईला चक्कर आली. ती गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

बंधूंचे निदान असे की, नवा गॅस आपल्या हवेला सोसत नाही. ते चूक आहे. मी स्वतः समोर उभे राहून ड्रायर उघडून घेतला, तेव्हा त्यातून चंदेरी धातूचा चुरा निघाला. तेल परत न आल्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा घासला होता, आणि त्यात जादा गॅसमुळे वाढलेला दाब. हा दोष गॅसचा नव्हे, अर्धवट कामाचा होता.

दुसऱ्यांदा काम माझ्या देखरेखीखाली झाले. दुसरा कॉम्प्रेसर घेतला, नळ्या आणि कूलिंग कॉइल आतून धुऊन घेतले, एक्स्पान्शन वाल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारा) व ड्रायर नवे बसवले (जुन्या ड्रायरमधील शोषक दाणे आर-१३४ए सोबत टिकत नाहीत), हिरव्या ओ-रिंगा (नव्या गॅसला चालणाऱ्या सांध्यांच्या रबरी कड्या) घातल्या आणि एस्टर तेल (नव्या गॅसमध्ये मिसळणारे कृत्रिम तेल) वापरले. पॅग हे दुसरे कृत्रिम तेलही चालते असे आपल्याला कोणी सांगेल, परंतु आत राहिलेले जुने तेल आणि जुन्या गॅसचे क्लोरीनयुक्त अंश पॅगला मानवत नाहीत; एस्टर त्या बाबतीत सोशिक आहे. पंपाने आतली हवा ओढून पाऊण तास व्हॅक्यूम ठेवला, पंप बंद करून दाबमापकाचा काटा अर्धा तास हलत नाही हे पाहिले, आणि मग वजनकाट्यावर वजन करून जुन्या गॅसच्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के इतकाच गॅस भरला. म्हणजे आर-१२ जर ६०० ग्रॅम लागत असेल, तर नवा ५०० ग्रॅमच्या आसपास.

सोलापूरपुरते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंडेन्सर, म्हणजे गॅसमधील उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी. तो ६० अंशांवर असताना नव्या गॅसचा दाब जुन्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी अधिक असतो. पुण्याच्या हवेत हे खपून जाईल. आपल्याकडे पारा ४३ वर गेला की खपत नाही. म्हणून पॅरलल फ्लो (समांतर चपट्या नळ्यांच्या) प्रकारचा कंडेन्सर आणि जोडीला जादा पंखा घेतला. आज रस्त्यावर गाडी जुन्याइतकीच गार होते. सात रस्त्याला सिग्नलवर थांबल्यास थोडी कमी, आणि तेवढी तडजोड करावी लागेल.

खर्चाचा आकडा कॉम्प्रेसर वाचला आहे की नाही यावर ठरतो. आमच्याकडे एकट्या कॉम्प्रेसरला जितके पैसे गेले, त्यापेक्षा कमीत बाकीचे सगळे काम झाले. पहिल्याच वेळी नीट केले असते तर तो खर्च टळला असता, हे बंधूंनी अद्याप मान्य केलेले नाही.

दोन गोष्टी राहिल्या. स्वयंपाकाच्या गॅससारखी ज्वलनशील मिश्रणे ‘आर-१२ चा पर्याय’ म्हणून कोणी देऊ केली तर साफ नकार द्या, कारण कूलिंग कॉइल गाडीच्या आत, आपल्या पायांसमोर असते. आणि गॅस खरोखर संपला आहे की फक्त पट्टा सैल आहे किंवा क्लच ओढत नाही, हे आधी गेज (दाबमापक) लावून तपासून घ्या. आत आर-१२ शिल्लक असेल आणि गळती नसेल, तर हे काम आत्ता हाती घेऊच नका.