आउटपुट पॅरामीटर: 'परत' काय येतं?

प्रश्न असा आला आहे: "स्टोअर्ड प्रोसिजरच्या आउटपुट पॅरामीटरमधली किंमत आम्ही कोडमध्ये वाचतो. मराठी टिपणात तिला 'परतमूल्य' म्हणावं का? की 'निर्गत प्राचल' लिहावं?"

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेली, नावाने बोलावता येणारी आज्ञावली. आउटपुट पॅरामीटर म्हणजे तिने किंमत भरून द्यावी म्हणून तिच्याकडे दिलेली जागा. तिला 'परतमूल्य' तर मुळीच नको. "प्रोसिजर नवा ग्राहक क्रमांक रिटर्न करते" हे वाक्य रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. कारण बहुतेक वेळा ती प्रोसिजर काही रिटर्न करतच नसते. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये रिटर्न या आज्ञेने फक्त पूर्णांक बाहेर पडतो, आणि रिवाज असा की ० म्हणजे काम झालं. नाव, तारीख, रक्कम हे सगळं आउटपुट पॅरामीटरमधून येतं. डॉटनेट या प्रोग्राम लिहिण्याच्या चौकटीतही पॅरामीटरच्या 'आउटपुट' आणि 'रिटर्नव्हॅल्यू' अशा दोन वेगळ्या डायरेक्शन, म्हणजे दिशा आहेत. यंत्र जो भेद पाळतं तो आपण बोलण्यात का पुसायचा?

'प्राचल'वर मात्र थांबावं लागेल. गणित आणि संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेत पॅरामीटरला हाच शब्द आहे. संधी सोडवा: प्र + अचल. रेषेच्या समीकरणात चढ एका रेषेपुरता अचल असतो, दुसरी रेषा घेतली की बदलतो. तिथे शब्द चोख बसतो. पण आउटपुट पॅरामीटर जन्माला येतो तोच बदलण्यासाठी! पाठवताना रिकामा, येताना भरलेला. त्याच्या नावात 'अचल' बसवणाऱ्या कोशकारांनी गणिताच्या वहीतला शब्द संगणकाच्या पानावर तसाच उतरवला, इतकंच मी म्हणेन.

दुसरा एक पंथ छातीठोकपणे सांगतो की पॅरामीटर म्हणजे आपलं 'परिमाण'. चूक. 'परि'चं ग्रीक भावंड 'पेरि', आणि ते पेरिमीटरमध्ये आहे. म्हणून पेरिमीटर आणि परिमिती ही जोडी दोन्ही अंगांनी जुळते: परि–पेरि, मिती–मीटर. शाळेत चौकोनाची परिमिती काढताना हे कुणी सांगितलं असतं तर! पॅरामीटरमध्ये 'पारा' आहे, म्हणजे शेजारी, बाजूला. फ्रेंच गणिती क्लोद मिदॉर्ज यांनी १६३१ मध्ये शंकुच्छेदांच्या संदर्भात तो वापरला. तिथे तो शेजारी धरायचं एक माप होता.

आणि खरी गंमत या मापात आहे. ग्रीक 'मेत्रॉन' आणि संस्कृत 'मा' धातू एकाच मुळाचे. त्याच धातूपासून मान, मात्रा, प्रमाण, माप आणि अमाप. मराठीत माप म्हणजे नुसतं मोजमाप नाही, ते भांडंही आहे. शेर, पायली, शेराच्या निम्मं ते मापटं. उंबऱ्यावर नवी नवरी ओलांडते तेही माप. आउटपुट पॅरामीटर म्हणजे नेमकं हे भांडं: आपण आपलं रितं माप आत पाठवतो, प्रोसिजर ते भरून देते. आणि 'परत' या शब्दाचा खरा हक्कही इथेच. शेजारी दिलेली वाटी परत येते. वाणी साखर 'परत' देत नाही, नुसती देतो. म्हणजे रिटर्न व्हॅल्यूत परत येण्यासारखं काही नाही, आणि जे खरोखर परत येतं त्याला लोक आउटपुट म्हणतात!

हे माप मनात धरलं की कोडमधल्या खोडीही उलगडतात. मजकुराचा आउटपुट पॅरामीटर असेल तर साइझ सांगावीच लागते. न सांगितल्यास साइझ ० चालत नाही म्हणून डॉटनेट अडतं. पायली की मापटं हे न सांगता धान्य कसं मागाल? पण कमी सांगितली तर ते अडत नाही, गुपचूप कापतं. मी एकदा गावाच्या नावासाठी १० लिहिले होते. 'श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर'ऐवजी पडद्यावर आलं 'श्रीक्षेत्'. पाय मोडका त उभा आणि र गायब, कारण काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा एकेक जागा खातात. जोडाक्षरांच्या भाषेत माप ऐसपैस घ्यावं.

किंमत रिकामीच येत असेल तर आधी रीडर, म्हणजे निकालाच्या ओळी एकेक करून वाचणारी डॉटनेटची वस्तू, बंद केलाय का ते पाहा. सर्व्हर आधी ओळी पाठवतो, आउटपुटच्या किमती त्यांच्या मागून येतात. ओळी वाचता वाचता डोकावलं तर माप रितंच दिसणार. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतूनच प्रोसिजर बोलावत असाल तर 'आउटपुट' हा शब्द व्याख्येत आणि बोलावताना असा दोन्हीकडे लिहा. बोलावताना विसरलात तर चूक दाखवली जात नाही, पण किंमतही पोचत नाही. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर प्रोसिजर चालवण्याआधीच आउट पॅरामीटरची नोंदणी करावी लागते.

आता टिपणाचं. सरळ 'आउटपुट पॅरामीटर' लिहा, देवनागरीत. मराठीच हवा असेल तर 'रितं माप' लिहा, आणि त्याच्या पुढे भांड्याची साइझही.